एफडीचे सात टक्के डॉलरमध्ये मोजले तर

रविवारी सकाळी घरून फोन तुम्हालाही येत असेल. आमच्याकडे तब्येत, पाऊस आणि सोसायटीतल्या लिफ्टचं भांडण आटोपलं की बाबा हमखास विचारतात, "तिकडे बँकेत काय मिळतं रे? इथे एफडीला सात टक्के आहेत. पाठव इकडे."

बाबांचा हिशोब चोख असतो. ७२ला व्याजदराने भागायचं, की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. ७२ भागिले ७, म्हणजे दहा वर्षं आणि वर थोडं. हा आडाखा बराच जुना आहे. इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या गणिताच्या ग्रंथातही तो आहे.

पण बाबा रुपयांत मोजतात, आणि मला मुलीच्या कॉलेजची फी डॉलरमध्ये भरायची आहे.

२०१३च्या सुरुवातीला डॉलर साधारण ५५ रुपयांना होता, २०२३ संपताना ८३ला. समजा तेव्हा तुम्ही १०,००० डॉलर पाठवले. त्याचे साडेपाच लाख झाले. सात टक्क्यांनी अकरा वर्षांत त्याचे साधारण ११ लाख ५८ हजार होतात. दुपटीपेक्षा जास्त! आता ते परत इकडे आणा. हातात पडतात जेमतेम १३,९५० डॉलर. म्हणजे वर्षाला तीनच टक्के. याच वेगाने दुप्पट व्हायला ७२ भागिले ३, चोवीस वर्षं.

मग मधले चार टक्के कोणी खाल्ले? कोणीच नाही. भारतात रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, अमेरिकेत फेडचं २. जिथे भाव जास्त वेगाने वाढतात, तिथे ठेवीवर व्याज जास्त द्यावं लागतं आणि तेच चलन हळूहळू उतरतंही. दरवर्षी सारखं नाही हं. दोन-दोन वर्षं रुपया जागचा हलत नाही आणि आपल्याला आपण फार हुशार वाटू लागतो. मग २०१३च्या ऑगस्टसारखा महिना येतो. तेव्हा रुपया ६८च्या पुढे गेला होता. जानेवारीत पैसे पाठवलेल्यांचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.

हा धोका नको असेल तर एफसीएनआर ठेव असते. एक ते पाच वर्षांची, डॉलरमध्ये ठेवायची आणि डॉलरमध्येच परत घ्यायची. तिचा दर कमी दिसतो, कारण रुपया घसरण्याची जोखीम तुमच्यावर नसते.

आता कर. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त, एवढंच तिकडच्या काउंटरवर सांगतात. अमेरिकेत मात्र ते आपल्या उत्पन्नात धरावं लागतं. तुम्ही २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सातातले पावणेदोन टक्के इथेच जवळपास संपले. उरला साधारण दीड टक्का.

आणि एक गोष्ट आपल्याकडे फार जण विसरतात. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार भरावा लागतो. त्यात आईवडिलांसोबतचं जॉइंट खातंही येतं, पैसा सगळा त्यांचा असला तरी! मुदत १५ एप्रिल, आणि न मागता मिळणारी वाढ १५ ऑक्टोबरपर्यंत. त्यावर वेगळा कर नाही, पण न भरल्यास दंड जबर आहे. मागची वर्षं राहून गेली असतील तर गुपचूप भरून मोकळे होऊ नका, आधी जाणत्या सीपीएला विचारा.

याचा अर्थ तिकडे पैसे ठेवूच नयेत असा नाही. आईच्या औषधांचा, फ्लॅटच्या मेंटेनन्सचा किंवा उद्या परत जायचं असेल तर त्याचा पैसा रुपयांतच खर्च होणार. त्याला डॉलरचा भाव लावून काय करायचं? त्या पैशाला बाबांचे सात टक्के खरे सात टक्केच आहेत. मी आता तेवढेच तिकडे ठेवतो. फीचे इकडे.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुला त्रास होत असेल तर माझ्या खात्यावरचं तुझं नाव काढू का?"

म्हटलं, "नको बाबा, राहू द्या. फॉर्मला अर्धा तास लागतो, मी भरतो. तुम्ही फक्त ३१ डिसेंबरला पासबुकाचे फोटो पाठवा. आणि वर्षात सगळ्यात जास्त शिल्लक कधी होती, तेही."