जपानी शुश्रूषागृहांतील सेवकसंख्या : ‘तीनास एक’ या प्रमाणाचा अर्थ

वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहात सेवकवर्ग किती असावा, हा प्रश्न वरकरणी केवळ प्रशासकीय वाटतो. तथापि वृद्धांची सुरक्षितता व प्रतिष्ठा आणि सेवकांचे आरोग्य ही दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. या दृष्टीने जपानमधील विशेष शुश्रूषागृहांचे उदाहरण उद्बोधक आहे. ही गृहे १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याने अस्तित्वात आली आणि २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषा विमा योजनेत समाविष्ट झाली. या योजनेत शुश्रूषेच्या गरजेनुसार वृद्धांच्या पाच श्रेणी केलेल्या आहेत. २०१५ पासून तिसऱ्या व त्यावरील श्रेणींतील वृद्धांनाच सामान्यतः या गृहांत प्रवेश मिळतो. अर्थात, येथील बहुसंख्य रहिवासी परावलंबी असतात.

सेवकवर्गाविषयीचा नियम असा की, दर तीन वृद्धांमागे परिचारिका व शुश्रूषासेवक मिळून किमान एक व्यक्ती असावी. यावरून कोणत्याही क्षणी तिघांची काळजी घेण्यास एक सेवक हजर असतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु हे प्रमाण नेमणुकीचे आहे, उपस्थितीचे नव्हे. अंशकालीन सेवकांचे तास एकत्र करून त्यांचे पूर्णवेळ सेवकांत रूपांतर करावयाचे व त्यावरून संख्या काढावयाची, अशी ही पद्धती आहे.

या दोहोंतील अंतर साध्या गणिताने स्पष्ट होते. साठ वृद्धांच्या गृहास वीस सेवक आवश्यक ठरतात. प्रत्येकाचे आठवड्याचे ४० तास धरल्यास एकूण ८०० तास होतात. आठवड्याचे तास मात्र १६८ असतात. म्हणजे सरासरीने कोणत्याही वेळी पाचांहूनही कमी सेवक हजर असतात व एकेकाच्या वाट्यास सुमारे तेरा वृद्ध येतात. प्रत्येक वृद्धाच्या वाट्यास दिवसाकाठी दोन तासांहून थोडा कमीच वेळ येतो. त्यातच भरविणे, वस्त्रे बदलणे, मलमूत्रविसर्जनास साहाय्य करणे, अंथरुणास खिळलेल्यांची कूस पालटणे आणि आठवड्यातून किमान दोनदा स्नान घालणे ही कामे उरकावी लागतात. शिवाय रजा, नोंदी व बैठका यांचा वेळ याच तासांतून जातो. अनेक गृहे किमान मर्यादेहून अधिक सेवक नेमतात, त्याचे कारण हेच होय.

रात्रीची स्थिती याहून बिकट असते. जुन्या धर्तीच्या गृहांत २६ ते ६० वृद्धांसाठी रात्री दोन सेवक पुरेसे मानले जातात. सुमारे दहा-दहा वृद्धांचे गट करणाऱ्या नव्या गृहांत दोन गटांस एक सेवक असतो. पुष्कळ ठिकाणी दोन पाळ्यांची पद्धती असल्याने रात्रपाळी सुमारे सोळा तासांची होते. पहाटे वृद्ध एकाच सुमारास जागे होऊ लागतात, त्या वेळी पाळीच्या अखेरीस थकलेल्या सेवकांवर कामाचा सर्वाधिक भार पडतो.

या भाराचा शारीरिक परिणाम म्हणजे कंबरदुखी. २०१३ साली सुधारलेल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी माणसाने माणसास केवळ अंगबळाने उचलू नये, हे तत्त्व शुश्रूषाक्षेत्रास लागू केले. परंतु उचलण्याचे यंत्र जोडण्यास वेळ लागतो आणि वेळेचीच तर टंचाई असते. परिणामी सेवक हातांनीच उचलतो, दुखापत झाल्यास नोकरी सोडतो व उरलेल्यांचा भार आणखी वाढतो.

या चक्राचे आर्थिक मूळही ध्यानी घेतले पाहिजे. शुश्रूषेचे दर शासन ठरविते व सामान्यतः दर तीन वर्षांनी त्यांची फेररचना होते. त्यामुळे सेवक मिळत नाहीत म्हणून दर वाढवून वेतन वाढविण्याचा मार्ग चालकांस मोकळा नसतो. २०२४ साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये सुमारे २१.५ लाख शुश्रूषासेवक होते, तर २०४० मध्ये २७.२ लाखांची गरज भासेल. ही तूट भरून काढण्यासाठी २००८ पासून इंडोनेशिया, फिलिपीन्स, व्हिएतनाम आदी देशांतून सेवक येऊ लागले. भारताशीही २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी सहकार्याचा करार झाला. दुसरीकडे, निरीक्षणयंत्रे बसविणाऱ्या गृहांना २०२१ मध्ये रात्रीच्या सेवकसंख्येत काही सवलत देण्यात आली.

यंत्र वृद्ध अंथरुणातून उठल्याची सूचना देते, परंतु त्याला हात देण्यास माणूसच लागतो. म्हणून सेवकसंख्येची पर्याप्तता हजेरीपटावरील नावांवरून नव्हे, तर दिवसाच्या प्रत्येक प्रहरी प्रत्यक्ष हजर असलेल्या सेवकांवरून मोजली पाहिजे. ‘तीनास एक’ हे प्रमाण पाळूनही रात्री तिसांस एक अशी स्थिती राहू शकते, ही वस्तुस्थिती त्या वाचूनच नजरेस येईल.