काळपुळीने मेलेले जनावर का उघडू नये?

सकाळी चरणारी गाय दुपारी मेलेली सापडते. नाकातून, गुदद्वारातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. अशा वेळी संशय काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा घ्यायचा.

नुकसान थोडे तरी भरून निघावे म्हणून कातडे सोलले जाते. समजण्यासारखे आहे, पण महाग पडते. शव बंद राहिले तर कुजताना त्यातले बहुतेक जिवाणू मरतात. फाडले की त्यांना ऑक्सिजन मिळतो आणि त्यांचे बीजाणू बनतात. ते मातीत कित्येक दशके तग धरतात.

रशियाच्या यमालमध्ये १९४१ नंतर साथ नव्हती. २००७ मध्ये रेनडिअरचे लसीकरणही थांबले. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात गोठलेली जमीन वितळली आणि जुने बीजाणू वर आले असावेत, असे मानले जाते. २ हजारांहून अधिक रेनडिअर आणि १२ वर्षांचा एक मुलगा दगावला.

त्यामुळे शवाला हात लावू नका, कुत्री फिरकू देऊ नका, पशुवैद्यकांना बोलवा. निदानासाठी कानाच्या शिरेतले थोडे रक्त पुरते. मग शव जाळायचे किंवा खोल पुरायचे. पूर्वी साथ आलेल्या भागात जनावरांना दरवर्षी लस द्यावी लागते.