विडाल अहवालातील ‘एच’ आणि जीवाणूची कशाभिका

मुदतीच्या तापाची शंका येताच विडाल तपासणी होते आणि टीओ, टीएच, एएच, बीएच या ओळींपुढील आकडे आपण वाचतो. त्यांतील ‘एच’ कोठून आला, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. ‘हाउख’ या जर्मन शब्दाचे ते आद्याक्षर होय. काचेवर फुंकर घातली असता बाष्पाचा पापुद्रा पसरतो, त्याप्रमाणे प्रोटियस हे चल जीवाणू माध्यमावर पसरतात, म्हणून हे नाव. सारांश, एच प्रतिजन म्हणजे जीवाणूला गती देणाऱ्या कशाभिकेचे प्रथिन, फ्लॅजेलिन.

ही कशाभिका उभारण्यास पन्नासाहून अधिक जनुके लागतात व ती टप्प्याटप्प्याने जागृत होतात. प्रथम मुख्य नियंत्रक जनुके, त्यांच्या आज्ञेने पेशीभित्तिकेतील मोटर व तिचा आकडा, आणि शेवटी लांब तंतू. आकडा पूर्ण होईपर्यंत फ्लज-एम नावाचे प्रथिन तंतूची जनुके रोखून धरते. आकडा पूर्ण होताच हे प्रथिन त्याच्याच पोकळीतून बाहेर टाकले जाते व फ्लि-सी हे जनुक फ्लॅजेलिन बनवू लागते. जोते झाल्याखेरीज विटा मागवायच्या नाहीत, असा हा चोख कारभार आहे.

साल्मोनेला टायफिम्युरियममध्ये फ्लॅजेलिनची दोन जनुके असतात. हिन नावाचे विकर डीएनएचा सुमारे 1000 बेसजोड्यांचा तुकडा उलटा फिरवते आणि एका फ्लॅजेलिनऐवजी दुसरे बनू लागते. पहिल्याविरुद्धची प्रतिपिंडे तेथे निरुपयोगी ठरतात. टायफीमध्ये सामान्यतः फ्लि-सी हे एकच जनुक असते. त्याची युक्ती वेगळी आहे. आतड्याच्या भित्तीत शिरताच त्याचे टीव्हीआय-ए हे प्रथिन व्हीआय आवरण वाढवते व कशाभिकेची जनुके मंदावते. फ्लॅजेलिन ओळखणाऱ्या आपल्या पेशींना त्यामुळे शत्रूचा सुगावा कमी लागतो. हा ज्वर प्रारंभी इतका संथपणे का चढतो, याचे एक कारण येथे असावे, असे आम्हांस वाटते.

आता व्यवहाराकडे वळू. एच प्रतिपिंडे रोग बरा झाल्यावरही अनेक महिने रक्तात राहतात. अन्य साल्मोनेलांच्या संसर्गानेही ती वाढतात. इतकेच नव्हे, तर पूर्वी टायफॉइड झालेल्यास दुसराच ताप आला तरी टीएच वर जाऊ शकतो. आमच्याकडे आलेल्या एका तरुणास टीएच 1:160 या एकाच आकड्यावर दहा दिवस प्रतिजैविके दिली गेली होती. पुढे रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले.

यास्तव पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविकाची पहिली मात्रा पोटात जाण्यापूर्वी, ब्लड कल्चर करवून घ्यावे. ते शक्य नसल्यास सात ते दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने तपासून चौपट वाढ दिसते का, ते पाहावे. नुसता विडालचा कागद घेऊन दुकानी आलेल्या रुग्णास औषध विक्रेते बंधूंनी प्रतिजैविक न देता वैद्यकाकडे धाडावे. लसीविषयीही विचारणा होते. जुन्या, संपूर्ण मृत जीवाणूंच्या लसीने टीएच वाढत असे. हल्लीच्या संयुग्मित लसीत व्हीआय शर्करा असते, फ्लॅजेलिन नसते. त्यामुळे ती घेतलेल्या बालकाचा वाढलेला टीएच लसीच्या माथी मारता येत नाही.