शस्त्रक्रियेचा खर्च: पदरचा कीं विम्याचा?

शेतकऱ्याच्या घरीं पैसा हंगामाला येतो. दुखणें मात्र हंगाम पाहून येत नाहीं. दरसाल विम्याचा हप्ता भरण्यापेक्षां प्रसंग पडेल तेव्हां खाजगी इस्पितळांत रोख पैसे देऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा विचार आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत येतो. तो सर्वस्वीं चुकीचा नाहीं. परंतु त्यास मर्यादा आहे.

शस्त्रक्रियांचे दोन वर्ग मानावे. मोतीबिंदू, साधा हर्निया, मूळव्याध यांची शस्त्रक्रिया बहुधा सवडीनें करतां येते व तिचा खर्च आगाऊ ठरवितां येतो. हृदयविकार, कर्करोग व अपघात यांचें तसें नाहीं. तेथें एकंदर खर्च किती होईल, हें आरंभीं डॉक्टरांसही सांगतां येत नाहीं.

पहिल्या वर्गांत विम्याचा उपयोग वाटतो तितका होत नाहीं. मोतीबिंदू, हर्निया अशा ठराविक विकारांस बहुतेक पॉलिसींत पहिलीं दोन वर्षें भरपाई नसते. विमा उतरण्यापूर्वींच जडलेल्या विकारांसाठीं ही मुदत, २०२४ च्या नियमानुसार, तीन वर्षांपर्यंत असूं शकते. तेव्हां तहान लागल्यावर विहीर खणण्यांत अर्थ नाहीं. कांहीं पॉलिसींत खोलीभाड्याचीही अट असते. दिवसाची मर्यादा ३,००० रुपये असतां ६,००० रुपयांची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी वगैरे संलग्न खर्चही निम्माच मंजूर होऊं शकतो.

रोखीनें खर्च करणारानें प्रथम दोन इस्पितळांतून लेखी अंदाजपत्रक घ्यावें. त्यांत शस्त्रक्रिया करणाराची व भूल देणाराची फी, खोली, औषधें, तपासण्या, डोळ्यांतील भिंग किंवा हर्नियाची जाळी, आणि नंतरच्या भेटी हें सर्व आहे कीं नाहीं, तें पाहावें. मुक्काम लांबल्यास जादा आकार काय, हेंही लिहून घ्यावें. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या इस्पितळांत शेंकडा १० खाटा निर्धनांसाठीं मोफत व शेंकडा १० दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखीव असतात. तेथेंही चौकशी करावी.

दुसऱ्या वर्गाचा भार एकट्या कुटुंबानें उचलूं नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून महाराष्ट्रांतील सर्व शिधापत्रिकाधारकांस खुली झाली असून तींत कुटुंबास सालीना पांच लक्ष रुपयांपर्यंत उपचार मिळतात. मात्र तिला ठराविक उपचार व ठराविक इस्पितळें यांचें बंधन आहे. म्हणून ऐपत असल्यास स्वतंत्र विमाही असावा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. विमा निरोगी असतांनाच उतरावा व प्रकृतीची खरी माहिती लिहून द्यावी.

सारांश, बियाणें ज्याप्रमाणें वेगळें काढून ठेवतों, त्याप्रमाणें जी रक्कम आधींच बाजूस ठेविली आहे, तिच्यांतून होणारी शस्त्रक्रिया खुशाल रोखीनें करावी. परंतु जेथें सावकाराचें दार ठोठवावें लागेल किंवा जमीन गहाण पडेल, तेथें तो खर्च पदरचा नव्हे. तो पुढील पिढीच्या पदरचा होय.