बुडालेल्या दरीचा नकाशा : अपरिचित जलाशयावरील होडी आणि गळ

भिवंडी तालुक्यात पिसे येथे भातसा नदीवर बंधारा आहे. तेथे उपसलेले पाणी पांजरापूर येथील केंद्रातून शुद्ध होऊन मुंबईकडे जाते. हे पाणी मूळचे शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांच्या एकूण उपयुक्त साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा या एका जलाशयातून मिळतो. सुमारे ८८ मीटर उंचीच्या या धरणामुळे भातसा आणि चोरणा या दोन नद्यांच्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. काठावर उभे राहणाऱ्यास दिसतो तो मात्र एक सपाट, संथ जलविस्तार. त्याखाली नद्यांची जुनी पात्रे, भातखाचरांचे बांध, टेकाडे, झाडांचे बुंधे आणि वाटा अद्याप आहेत, याची कल्पना त्या सपाटीवरून येत नाही.

नैसर्गिक सरोवर आणि धरणाचा जलाशय यांत हाच मूलभूत फरक आहे. सरोवराचा तळ पाण्याने घडविलेला असतो. हजारो वर्षांच्या गाळाने तो गुळगुळीत झालेला असतो आणि काठापासून मध्याकडे बहुधा क्रमाने खोल होत जातो. जलाशयाचा तळ मात्र जमिनीचाच असतो. त्याचा सर्वांत खोल भाग मध्यभागी नसून जुन्या नदीपात्रात असतो, आणि ते पात्र कित्येकदा एका काठास अगदी लगटून जाते. मध्यभागी, जेथे खोली सर्वाधिक असावी असे वाटते, तेथे एखाद्या टेकाडाचा माथा हातभर पाण्याखाली असू शकतो. यास्तव अपरिचित जलाशयावर होडी घालणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो पाण्याविषयी नव्हे, तर धरणापूर्वीच्या जमिनीविषयी. या प्रश्नाचे उत्तर ज्यास मिळाले त्यास मासे कोठे असतील हेही बव्हंशी कळते, कारण माशांचा ठाव आणि होडीचा धोका ही दोन्ही एकाच भूरचनेची फळे आहेत.

हे तत्त्व प्रथम पद्धतशीरपणे हाताळले ते अमेरिकेतील गळकऱ्यांनी. टेनेसी खोरे प्राधिकरणाची स्थापना १९३३ साली झाली व त्याचे पहिले धरण, नॉरिस, १९३६ साली पूर्ण झाले. त्यानंतरच्या दशकांत त्या देशात शेकडो दऱ्या जलमय झाल्या. या नव्या पाण्यांत मोठ्या तोंडाचा काळा बास हा मासा चांगला वाढला. तो शिकारी आहे, परंतु पाठलाग करणारा नव्हे, दबा धरणारा. बुडालेला ओंडका, कुंपण, रस्त्याची कड, ओढ्याचा काठ, अशा एखाद्या आडोशास तो उभा राहतो व समोरून जाणारे भक्ष्य टिपतो. तेव्हा त्याचा शोध म्हणजे आडोशांचा शोध, आणि आडोशांचा शोध म्हणजे जुन्या नकाशाचे वाचन. जून १९६७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बीव्हर या जलाशयावर बास माशाची मोठी स्पर्धा भरली. तेव्हापासून या विद्येला तेथे व्यवसायाचे स्वरूप आले. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी लहान यंत्रे तत्पूर्वीच गळकऱ्यांच्या होड्यांवर येऊ लागली होती.

महाराष्ट्राच्या जलाशयांत हा बास नाही. ठाणे-रायगडच्या खाड्यांतील जिताड्यास इंग्रजीत बासच म्हणतात, पण तो केवळ नावाचा गोंधळ होय. दोघांची कुळे निराळी. आपल्याकडे दबा धरून बसण्याचे काम उथळ, गवताळ काठांना मरळ करतो, तर खोल पात्राच्या कडेने शिवडा आणि शिंगाळा फिरतात. महाशीर मात्र वाहत्या पाण्याचा आणि खडकाचा मासा. त्याच्या एका दख्खनी जातीचे वर्णन कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यांवरून केले व शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा शब्द घातला. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी या जातीची कृत्रिम पैदास करून तिचे बीज अन्यत्र सोडण्याचे काम पुढे दीर्घकाळ चालले. जलाशयात महाशीर राहतो तो बहुधा नदी जेथे साठ्यास मिळते त्या मुखाशी किंवा खडकाळ कड्यालगत. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज अनेक जलाशयांत सोडले जाते, परंतु ते दबा धरणारे नसल्याने त्यांना हे विवेचन तितकेसे लागू पडत नाही.

आता पातळीचा विचार केला पाहिजे. या विषयातील खरी अडचण तेथेच आहे. भातसा जलाशयाची पूर्ण संचय पातळी १४२.०७ मीटर आणि पाणी घेता येण्याची नीचतम पातळी १०४.९० मीटर धरली जाते. म्हणजे पूर्ण भरलेला आणि पूर्ण वापरलेला जलाशय यांच्या पृष्ठभागांत ३७ मीटरांहून अधिक अंतर पडते. तानसा तलावात हेच अंतर दहा मीटरांहूनही किंचित कमी, तर मोडकसागरात सुमारे वीस मीटर आहे. भातशाचा सर्व उपयुक्त साठा ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत संपला असे धरले, तर पाणी सरासरीने दिवसाला पंधरा सेंटिमीटर उतरते. जेथे काठाचा उतार पन्नासास एक असा सौम्य आहे, तेथे पातळी एक मीटर उतरताच काठरेषा पन्नास मीटर मागे सरते. तानशावर एक हंगाम होडी चालविलेल्या माणसाने त्याच अंदाजाने भातशावर उतरणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, १३० मीटर पातळीच्या जमिनीवर दोन मीटर उंचीचा बुंधा उभा आहे. जलाशय पूर्ण भरलेला असताना त्याच्या शेंड्यावर दहा मीटर पाणी असते; होडीस त्याचा उपद्रव नाही. पाणी १३१ वर आले की बुंधा मीटरभर उघडा पडतो आणि लांबूनच दिसतो. तेव्हाही उपद्रव नाही. परंतु पातळी १३२.५ च्या आसपास असते त्या चार-सहा दिवसांत हाच बुंधा होडीचा तळ फोडू शकतो. धोका असा खोल वस्तूंत नसतो, दृश्य वस्तूंतही नसतो. तो या दोहोंमधील एका अरुंद पट्ट्यात असतो, आणि हा पट्टा दर महिन्यास दरीच्या उतारावरून खाली सरकत जातो. डिसेंबरात जलाशयाची पूर्ण माहिती असलेला नावाडी मार्चमध्ये त्याच जलाशयावर पुन्हा अपरिचित होतो. मागील वर्षीच्या आठवणीवर विसंबणाऱ्या जुन्या माणसांची होडी आपटते ती याच कारणाने.

विशेष हे की मासेही याच पट्ट्यात असतात. सूर्यप्रकाश जेथवर पोहोचतो तेथवर तळावर शेवाळ धरते, त्यावर कीटक व झिंगे जगतात, त्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर शिकारी मासे. प्रकाशाची ही मर्यादा मोजण्याचे साधन विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. इटालियन खगोलज्ञ सेक्की याने १८६५ साली वापरलेली पांढरी तबकडी दोरीने खाली सोडावयाची व ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावयाची. प्रयोगवहीत हा आकडा पाण्याच्या पारदर्शकतेचा म्हणून लिहिला जातो. नावाड्यास तोच आकडा सांगतो की पाण्याखालची वस्तू फार तर किती खोलवर असताना डोळ्यांना दिसेल. पावसाळ्यानंतर गढूळ पाण्यात तबकडी हातभर खोलीवर नाहीशी होत असेल, तर नाळेवर बसून पुढे पाहणाऱ्या सोबत्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. वेग कमी करणे आणि बांबूने तळ चाचपत जाणे हाच उपाय.

उन्हाळ्यात आणखी एक मर्यादा येते. खोल जलाशयांत वरचे पाणी तापून हलके होते, खालचे थंड व जड राहते, आणि दोहोंची मिसळ थांबल्याने तळचा प्राणवायू क्षीण होत जातो. त्यामुळे मासा फार खाली राहू शकत नाही आणि भर दुपारी फार वरही राहात नाही. मधल्या थराचा छेद बुडालेल्या टेकाडाच्या उताराशी जेथे होतो, तेथे गळ टाकल्यास यश येण्याचा संभव अधिक. मरळ मात्र हवेतून श्वास घेऊ शकत असल्याने या नियमास अपवाद आहे.

जुनी भूरचना पाहावयाची ती सर्वेक्षण खात्याच्या धरणापूर्वीच्या नकाशांवर. मैलास एक इंच प्रमाणाच्या त्या पत्रकांत ओढे, विहिरी, देवळे, गाडीवाटा तपशिलाने दाखविलेल्या असतात. समोच्च रेषा मात्र पन्नास फुटांच्या अंतराने असल्याने, म्हणजे सुमारे पंधरा मीटरांनी, मधले चढउतार त्यांत सापडत नाहीत. ते खोली मोजूनच भरून काढावे लागतात. येथे एक सावधगिरी अवश्य आहे. मुंबई महानगरपालिकेच्या कित्येक पातळ्या टाउन हॉल आधारपातळीवरून मोजलेल्या असतात आणि तिचे शून्य सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे २४ मीटर खाली आहे. नकाशावरील उंची समुद्रसपाटीची असते. पातळीचा आकडा कोणत्या शून्यावरून आहे याची खातरजमा न करता तो नकाशावर बसविला, तर सबंध काठरेषाच दीड समोच्च अंतराने चुकते. नकाशाइतकाच उपयुक्त साधनग्रंथ म्हणजे धरणाने विस्थापित झालेली वृद्ध माणसे. कोणत्या खाचरापलीकडे विहीर होती, कोणत्या आंब्याचा बुंधा तोडावयाचा राहिला, हे त्यांच्या स्मरणात असते. उजनी जलाशयातील पळसदेवचे प्राचीन देऊळ पाणी ओसरले की वर येते, हे सर्वश्रुत आहे. लहानसहान भिंतींची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही.

भूरचनेखालोखाल वारा. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर आणि तो पाण्यावरून किती अंतर अडथळ्यावाचून वाहतो यावर ठरते. ताशी ५४ किलोमीटर वेगाचा वारा एक किलोमीटर पाण्यावरून आला, तर ढोबळ गणिताने लाट सुमारे ४० सेंटिमीटर उंचीची होते. पाच किलोमीटरांवरून आला तर ती पाऊण मीटरावर जाते. माणसे व सामान भरलेल्या लहान होडीचा पाण्यावर उरणारा काठ बहुधा वीतदीडवीतच असतो. शिवाय जलाशयाची लाट समुद्राच्या लाटेसारखी लांब व सावकाश नसते, ती आखूड आणि उभी असते. होडी एका लाटेवरून उतरण्यापूर्वी दुसरी येऊन आदळते. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसापूर्वी येणारी वावटळ हा वेग काही मिनिटांत गाठते.

याचे अत्यंत दुःखद उदाहरण उजनी जलाशयावर घडले. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. ज्या गावांमधील जुना रस्ता पाण्याखाली गेला, त्यांना रस्त्याने मोठा वळसा पडतो आणि होडी हीच रोजची वाट होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. हौशी गळकरी वादळाची चिन्हे पाहून बेत रद्द करू शकतो. बाजारातून घरी निघालेल्या माणसाला ते तितके सोपे नसते.

अशा वाऱ्यात काय करावे, याविषयी अनुभवी नावाड्यांचे मत बहुतेक एकच आहे. पश्चिमेस किंवा डोंगरमाथ्यावर ढग काळवंडताच मधले पाणी सोडून जवळचा काठ धरावा, मग तो मुक्कामाचा असो वा नसो. वाऱ्यात सापडल्यास होडीची नाळ लाटेकडे किंचित तिरपी ठेवावी, बाजू कधीही लाटेस देऊ नये; माणसांनी उभे न राहता तळाशी बसावे. नांगर मागील बाजूने बांधू नये, कारण त्याच्या ओढीने मागचा बुटका काठ पाण्याखाली जातो. होडी उलटली तरी लाकडी किंवा हवेचे कप्पे असलेली होडी तरंगत राहते, तिला धरून राहावे. काठ जवळ भासतो, पण पाण्यावरून अंतराचा अंदाज नेहमी कमी येतो, आणि कपड्यांनिशी पोहणारा दमतो तो बहुधा अर्ध्या वाटेत. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवण्याची वस्तू नसून अंगात घालण्याची वस्तू आहे. उलटलेल्या होडीखालून ते ओढून काढून घालणे प्रत्यक्षात कोणास साधत नाही. अनेक जलाशयांवर गरीब मासेमार ट्यूब किंवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात. त्यांना या जाकिटाची गरज सर्वांत अधिक, आणि ते त्यांच्यापाशीच क्वचित असते.

धरणाच्या भिंतीजवळचे व पाणी घेण्याच्या मनोऱ्याजवळचे क्षेत्र तर पूर्णपणे वर्ज्य मानावे. पाण्याखालील ओढ पृष्ठभागावर दिसत नाही. भिंतीखालच्या नदीपात्रातही विसर्ग वाढताच पाणी थोड्या वेळात चढते. कोरड्या खडकावर गळ टाकून बसलेल्यास परतीची वाट उरत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर परवानगीवाचून होडी घालता येत नाही. तानसा तलाव तर अभयारण्यात मोडतो. अन्य जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, तेव्हा हौशी गळकऱ्याने प्रथम तेथे विचारणे उचित. विद्यापीठांतून प्लवकांचे किंवा गाळाचे नमुने घेण्यास जाणारे विद्यार्थी मात्र परवाना हाती असल्याने पाण्याविषयी निश्चिंत होतात, आणि उसन्या डोंगीत क्षमतेहून एक माणूस व दोन पेट्या अधिक घेतात. नमुन्यांच्या नोंदीत त्या दिवशीची जलपातळी लिहिण्याची पद्धत सर्वत्र रूढ नाही. ती असती तर तीन-चार वर्षांच्या वह्यांतूनच त्या जलाशयाच्या बुडालेल्या अडथळ्यांचा महिनावार तक्ता तयार झाला असता.

जूनमध्ये हे सारे चक्र उलट फिरते. पहिल्या जोरदार पावसाबरोबर वलगणीचे मासे ओढ्यांतून वर चढू लागतात, आणि मे महिन्यात उघड्या पडलेल्या उतारावर उगवलेले गवत व झुडपे पुन्हा पाण्याखाली जातात. पाणी रोज वर येत असते, ते गढूळ असते, आणि ओढ्यांनी वाहून आणलेले ओंडके पृष्ठभागाशी अर्धवट बुडालेले तरंगत असतात. या दिवसांत कोणताही नकाशा पुरा पडत नाही. जुने मासेमार जाळी वर काढून होड्या काठावर पालथ्या घालतात.