आवर्ती नॉइज : काय पुसायचं, काय ठेवायचं?

मागच्या व्याख्यानात आपण यादृच्छिक नॉइज पाहिला. मूठभर वाळू फेकावी तसा तो प्रतिमेवर कुठेही पडतो. आजचा नॉइज शिस्तीचा आहे. पट्ट्या, जाळी, ठिपके ठरावीक अंतरानं पुन्हापुन्हा येतात, म्हणून तो ‘आवर्ती’. 1969 साली मरिनर 6 या यानानं टिपलेल्या मंगळाच्या चित्रांतही अशी नक्षी मिसळलेली दिसते.

आपण घरातलंच उदाहरण घेऊ. आमच्या आईचा तरुणपणीचा एकच फोटो उरला आहे, तोही वर्तमानपत्राच्या कात्रणात. छपाईत करडी छटा लहानमोठ्या काळ्या ठिपक्यांनी दाखवतात. कात्रण स्कॅन करून मोठं केलं, तर चेहरा हरवला आणि ठिपकेच दिसू लागले.

सरसकट धूसर करावं का? ठिपके जातील, पण डोळ्यांच्या कडाही जातील. इथे जोसेफ फूरिये मदतीला येतो. उष्णतेचा अभ्यास करताना त्यानं मांडलेली कल्पना 1822 च्या ग्रंथात आली. गुंतागुंतीचा आकार साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतो, ही ती कल्पना. प्रतिमेचंही तसंच करता येतं. लहरींचा नकाशा काढला की मधोमध संथ बदल येतात आणि बाहेरच्या बाजूला बारीक, भराभर होणारे बदल. जी नक्षी मूळ चित्रात सर्वत्र पसरलेली असते, ती इथे मोजक्या तेजस्वी बिंदूंत गोळा होते. हे बिंदू केंद्राच्या दोन्ही बाजूंना जोडीनं येतात. तेवढेच मंद करायचे आणि नकाशा उलट फिरवून चित्र परत मिळवायचं. याला नॉच फिल्टर म्हणतात. मात्र बिंदू कात्रीनं कापल्यासारखे काढले, तर कडांभोवती तरंग उठतात. म्हणून ते कडेकडेनं हळूहळू मंद करावे लागतात.

आमच्या नातवानं हे केलं. चेहरा स्वच्छ झाला. पण आमचं लक्ष पदराकडे गेलं. आईचं लुगडं चौकडीचं होतं आणि चौकडीच नाहीशी झाली होती! नातू म्हणाला, “आजोबा, सगळेच बिंदू झाकले मी.”

चूक फिल्टरची नव्हती. त्याला फक्त नियमितपणा कळतो. छपाईचे ठिपके नियमित आणि विणकराची चौकडीही नियमित. त्यातला नॉइज कुठला, हे गणित सांगत नाही. आम्ही पुन्हा नकाशा उघडला. एकरंगी छपाईची जाळी बहुधा 45 अंशांत तिरकी असते, त्यामुळे तिचे बिंदू तिरक्या रेषांवर होते. केंद्राजवळच्या आडव्या-उभ्या रेषांवर काही फिकट बिंदू होते, ते चौकडीचे. या वेळी फक्त तिरके बिंदू मंद केले आणि लुगडं परत आलं.

तेव्हा फिल्टर लावण्याआधी आपण स्वतःला एवढंच विचारावं : ही पुनरावृत्ती यंत्रानं आणलेली आहे, की ती त्या वस्तूचीच आहे? हे उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. आईचं लुगडं कसं होतं, हे आठवणारं कुणीतरी त्या वेळी शेजारी बसलेलं असावं लागतं.