‘अ समरी’ची फाईल

सकाळी ८. फेब्रुवारी आहे, ठाणं वैनगंगेच्या अलीकडचं किंवा पलीकडचं, कुठलंही धरा. ‘अ समरी’ म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मात्र मिळाला नाही. फाईल कपाटात जाते. पण खुनाला मुदत नसते, म्हणून ती पुन्हा निघते. तपास अधिकारी आधी मालखान्यात शिरतो. गाठोडी, लाखेची सीलं, पुसट झालेले मुद्देमाल क्रमांक. दात किंवा मांडीचं हाड कोरडं, कागदी पाकिटात असेल तर कित्येक वर्षांनीही डीएनए मिळू शकतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी लागते. मला विचाराल तर इकडचे निम्मे जुने खून प्रयोगशाळेच्या आधी या खोलीतच सुटतात किंवा बुडतात.

१०. मूळ पंचनामा. जंगलात सांगाडा एका जागी राहत नाही. रानडुकरं, तरस हाडं ओढून नेतात. मोहफुलं वेचणाऱ्या बाईला कवटी दिसते, पोलिस पाटील खबर देतो, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो. चंद्रपुरात पहिला प्रश्न ठरलेला: वाघ की माणूस? दातांच्या खुणा मेल्यानंतरच्याही असू शकतात. हाडावरचा सरळ धारेचा घाव कुठल्याच जनावराचा नसतो.

१२. बेपत्तांच्या जुन्या नोंदी चाळून एका म्हातारीच्या घरी. शिपाई म्हणतो, “माय, तुमचं थोडं रक्त घ्या लागते.” ती विचारते, “सापडला का माहा पोरगा?” याला फॉर्ममध्ये रकाना नाही.

३. नमुने नागपूरच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे. पोलिसांच्या तोंडी अजूनही ‘सीएचा’, म्हणजे केमिकल अॅनालायझरचा, ‘रिपोर्ट’च. तो हाडं कोणाची ते सांगेल, कोणी मारलं ते क्वचितच. २०२३ मध्ये अहेरी तालुक्यातल्या महागावात एकाच कुटुंबातले पाच जण काही दिवसांच्या अंतराने दगावले. हातापायांना मुंग्या. डॉक्टरांना जड धातूच्या विषाचा संशय आला. पण थॅलियम दिल्याच्या आरोपावरून घरची सून आणि नात्यातली एक बाई ऑक्टोबरात पकडली गेली, ती पोलिसांच्या चौकशीमुळे. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूद आली, राज्यांना ती टप्प्याटप्प्याने लागू करायची आहे. जुन्या फाईलला तिचा उपयोग नाही. तिचं घटनास्थळ कधीच वाहून गेलं, कलमही जुनं ३०२च राहिलं.

५. साक्षीदार. जबाब माडिया बोलीत, म्हणून दुभाषी बरोबर. घराला कुलूप. शेजारी सांगतात, सगळे मिरची तोडायला तेलंगणात.

रात्री ९. केस डायरीत नोंद: साक्षीदार गावी नाही. तेंदूपत्त्याला परततील. मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जाणे, सायंकाळी, फळीवर, म्हणजे पत्ता संकलनाच्या जागी, पुडे मोजून झाल्यावर.